काऊचं घर, चिऊचं घर : हरिपूरच्या बालवाडीतल्या कामाच्या नोंदी

१७ जून, मंगळवार

ही वही मुळात माझ्यासाठीच आहे, कुठलं सामान किती लागलं, काय चाललं, कशावर पोरं कंटाळली, हे पुढच्या जूनपर्यंत डोक्यात राहत नाही म्हणून. पोरांची नावं लिहीत नाही, रेनकोटवरनं ओळखायची.

विषय पक्षी. आता बालवाडीत पक्षी म्हटलं की काय होतं ते सगळ्यांना माहितेय, नेटवरनं पोपटाचं आउटलाइन काढायचं, झेरॉक्स मारायची, हिरवा खडू द्यायचा, चोच लाल, झालं. वीस पोरं वीस पोपट आणि कुणाचा कुठला ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. यंदा झेरॉक्स नाही आणि फळ्यावर नमुनाही काढायचा नाही असं ठरवलंय. मदतनीस मावशी म्हणाल्या, "मग पोरं काय काढणार, गोळं?" म्हटलं काढू देत गोळे, चिमणी म्हणजे तरी काय, एक मोठा गोळा आणि एक बारका.

गोष्ट घेतली काऊ-चिऊची. कारण एकच, ती सगळ्यांना येते. मी सांगितलीच नाही खरं तर, नुसतं "एक होता काऊ" म्हटलं आणि वर्गच बोलायला लागला, कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं, मोठ्ठा पाऊस आला, कावळ्याचं घर वाहून गेलं. इथपर्यंत सगळे एका सुरात. मग कावळा दार वाजवतो, चिमणी आतनं थांब थांब म्हणते, बाळाला न्हाऊ घालायचंय, पावडर लावायचीय, तीट लावायचीय, तिथंही एकमत. पण दार उघडल्यावर काय झालं यावरनं जी भांडणं लागली! एक म्हणतो कावळा तव्यावर बसला आणि भाजला. दुसरी म्हणते छे, तो रात्रभर कोपऱ्यात बसून चिमणीचे हरभरे खात होता. पिवळा रेनकोट म्हणाला चिमणीनं दार उघडलंच न्हाई. एवढ्यात डब्याची वेळ झाली.

घरी काम दिलं : आज्जीला, आईला, जी कोण गोष्ट सांगतं त्यांना विचारून यायचं की शेवटी काय होतं.

१९ जून, गुरुवार

शेवट आले, चिक्कार आले. तव्यावाला शेवट सगळ्यात जास्त घरात आहे. हरभऱ्याचाही आहे, एका घरात हरभऱ्याच्या जागी सुपारी. एकाचे वडील चालकाचं काम करतात, त्यांनी फोनवरनं सांगितलेला शेवट म्हणजे कावळ्याला चिमणीनं चहा दिला आणि तो झोपून गेला. मला वाटतं त्यांना स्वतःलाच झोप आली असणार.

पण खरा विषय निघाला तो निळ्या छत्रीवालीच्या आज्जीमुळं. त्या सोडायला आल्या होत्या, दारातच उभं राहून ऐकत होत्या, आणि मधेच म्हणाल्या, "बाई, आमच्यात तसली गोष्ट न्हाई सांगत. पाण्यात घर गेल्यालं माणूस दारात आलं तर पावडर लावत बसत्यात व्हय?" आता हे सांगलीला लागून असलेलं हरिपूर आहे. इथं कृष्णा आणि वारणा एकत्र येतात, आणि २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट. ही पोरं तेव्हा जन्मलेलीसुद्धा नव्हती. पण घरात बोलणं तर होतंच, आमच्या माडीवर इतके जण होते, आम्ही मिरजेला आत्याकडं होतो, जनावरं कुठं बांधली होती. आज्जी म्हणाल्या, त्यांचं मातीच्या भिंतीचं मागचं घर तेव्हाच बसलं. त्यांच्या गोष्टीत चिमणी पहिल्या हाकेला दार उघडते आणि बाळाला नंतर न्हाऊ घालते.

वर्गाला हा शेवट एकदम पटला असं काही नाही, तव्यावर भाजणं पोरांना जास्त आवडतं, ते हसतात त्याला. पण लाल बूटवाल्यानं विचारलं, "मग कावळ्याचं घर परत कोण बांधणार?" मी म्हटलं, आपण बांधूया. तिथंच पुढच्या कामाचं ठरलं. आधी घरं बघायची, बांधायची, मग पक्षी.

२३ जून, सोमवार

मेणाचं घर. हे काम इतकं सोपं आणि इतकं जमून आलं की नीट लिहून ठेवते.

सामान : मेणबत्तीचे उरलेले तुकडे आणि पांढरे मेणखडू, जाड ड्रॉइंग पेपर (वहीचा कागद नको, भिजून फाटतो), कपड्यांची नीळ पाण्यात पातळ करून, रुंद ब्रश. नीळ मावशींनी कालवली आणि त्यांच्याच हातात ठेवली, वाटीत ओतून द्यायचं काम त्यांचं, कारण आमच्यात बाटली तोंडाला लावणारे आहेत.

पांढऱ्या कागदावर पांढऱ्या मेणानं चिमणीचं घर काढायचं, म्हणजे काढताना काहीच दिसत नाही. पोरं वैतागली. "बाई खडू चालत न्हाई." म्हटलं चालतोय, दाबून काढ. मग वरनं निळ्या पाण्याचा पाऊस. ब्रश फिरला की सगळा कागद निळा आणि मेणाच्या रेघा तेवढ्या पांढऱ्या, पाणी त्यावरनं थेंब थेंब होऊन बाजूला पळतंय. वर्गात नुसता आरडाओरडा. पिवळ्या रेनकोटनं तोंड कागदाला लावून बघितलं आणि जाहीर केलं की चिमणीच्या घरात पाणी का गेलं नाही ते त्याला कळलंय. मी काही समजावलंच नव्हतं, मेणाला पाणी धरत नाही वगैरे, गरजच पडली नाही.

घरं बघण्यासारखी होती. कुणाचं नुसतं चौकोन, कुणाला तीन खिडक्या, एकीनं घराच्या आत गॅस सिलेंडर काढला. चिमण्या फारशा कुणी काढल्या नाहीत, सगळा जोर घरावर.

मग प्रश्न आला, चिमणीनं मेण आणलं कुठनं? मी गप्प बसले. मावशी म्हणाल्या, "पोळ्यातनं." पोरांना पोळं म्हणजे बैलपोळा वाटला, मग मधमाश्यांवर बराच वेळ गेला. मधमाशी मेण स्वतःच्या पोटाखालनं काढते हे सांगितल्यावर तर कुणी विश्वासच ठेवेना.

२५ जून, बुधवार

पावसानं निम्मी पोरं आली नाहीत, लाइटही नव्हती. काम काही घेतलं नाही. व्हरांड्यात बसून खऱ्या चिमण्या बघितल्या, समोरच्या घराच्या मीटरच्या पेटीमागं त्यांचं घरटं आहे. गवत, सुतळीचे धागे, एक प्लास्टिकची पट्टी लोंबतेय. नराच्या गळ्याखाली काळा डाग असतो आणि डोक्यावर राखाडी टोपी, मादी सगळी फिकट तपकिरी, डोळ्यामागनं एक फिकी रेघ. पोरांनी त्यांना दाढीवाली चिमणी आणि बिनदाढीची चिमणी अशी नावं ठेवली. दोघंही चोचीत काहीतरी घेऊन आत जात होते. लाल बूटवाला म्हणाला, "गोष्टीतल्या चिमणीचा नवरा कुठं गेलाय?" कुणालाच उत्तर आलं नाही, मलाही नाही.

२७ जून, शुक्रवार

कावळा. कोळशानं काढायचा. कोळसा इस्त्रीवाल्याकडनं आणला, तो सुद्धा कशाला कशाला विचारत होता.

कावळा काळा असतो हे सगळ्यांना पाठ. पण आपल्या अंगणातला, खरकटं उचलणारा कावळा पूर्ण काळा नसतोच, त्याची मान आणि छाती राखाडी असते. सगळाच काळा तो डोमकावळा, जरा मोठा, चोच जाड. हे सांगायच्या आधी म्हटलं खिडकीतनं बघून या आणि मग काढा. निम्म्यांनी तरीही सगळा काळा काढला. पण कोळसा बोटानं पसरला जातो, आणि एकीचा हात कावळ्याच्या मानेवरनं गेला तर तिथं बरोब्बर तसा राखाडी रंग आला. तिनं ओरडून सांगितलं. पुढच्या पाच मिनिटांत सगळ्या वर्गाच्या कावळ्यांना मान आली, आणि सगळ्यांच्या नाकाला, गालाला, मावशींच्या पदराला सुद्धा.

कोळशाच्या चित्रावर हात लागला की पुसतं. त्यावर केसांचा स्प्रे मारतात लोक, मी लहान पोरांच्या खोलीत नाही मारत. वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवलीत.

काढता काढता गप्पा. घाटावर दहाव्याला कावळ्याची वाट बघतात हे इथल्या पोरांना चांगलं माहीत आहे, नदीकाठची आहेत. एकजण म्हणाला, कावळा शिवला न्हाई तर माणसं त्याला हात जोडत्यात. मग पिवळा रेनकोट, "मग गोष्टीत त्याला तव्यावर कशापायी बसवत्यात?" मी वहीत तसंच्या तसं लिहून घेतलं.

ग्रुपवर एका आईचा मेसेज आला, मुलीचा ड्रेस काळा झालाय आणि चित्रात काही कळत नाही, प्रिंट दिली असती तर नीट रंगवलं असतं. त्यांचं ड्रेसबद्दलचं बरोबर आहे, उद्यापासून बाबांचा जुना शर्ट घालून पाठवा म्हणून सांगितलं. प्रिंटचं मात्र नाही ऐकणार. प्रिंट रंगवताना पोरगं रेघेकडं बघतं, कावळ्याकडं नाही.

१ जुलै, मंगळवार

शेणाचं घर. खरंखुरं शेण. यावर ग्रुपवर आधीच चर्चा होऊन गेली, दोन घरांनी नको म्हटलं, त्या पोरांना माती दिली, विषय संपला. ज्यांच्या हाताला जखम, खरूज काही आहे त्यांनाही माती. बाकीच्यांना ताजं शेण, निळ्या छत्रीवालीच्या आज्जींनी पाटीभर पाठवलं आणि मागनं स्वतःही आल्या, कारण त्यांच्या मते मला ते कालवता येणार नव्हतं. त्यांनी सांगितलेलं प्रमाण : जेवढं शेण तेवढी माती, त्यात उसाच्या पाचटाचे बारीक तुकडे, पाणी अगदी बेतानं. पाचटानं धरून राहतं, चिरा कमी पडतात. सारवायला करतात त्यापेक्षा पुष्कळ घट्ट.

काही पोरांनी पहिल्यांदा नाकाला रुमाल लावला. पंधरा मिनिटांत रुमाल गायब. हाताखाली मऊ, गार, आकार घेणारी वस्तू आली की लहान पोरांना दुसरं काही सुचत नाही, प्ले-डोच्या डब्यात पैसे घालण्यापेक्षा हे बरं. आज्जी सगळ्यांचे हात धरून थापटायला शिकवत होत्या. त्यांना इतकं बोलताना मी पहिल्यांदाच बघितलं.

दोन प्रकारची घरं केली. एक नुसत्या ओल्या शेणाचं, एक शेण-माती-पाचटाचं. दुसरी आतल्या खोलीत पंख्याखाली ठेवलीत, या हवेत वाळायला आठवडा तरी जाईल. हात साबणानं दोनदा, नखांत ब्रश.

३ जुलै, गुरुवार

बेंदूर तोंडावर आलाय, कुंभारवाड्यात सगळीकडं मातीचे बैल वाळत टाकलेत, त्यामुळं तयार मळलेली माती आयती मिळाली. तिच्या चिमण्या केल्या. अंगठा दाबला की पाठ होते, चिमटीत धरलं की चोच. थोडक्यात झालं, मस्त झालं. दोघांनी चिमणी न करता बैलच केला, त्याला पंख लावले.

८ जुलै, मंगळवार

पावसाची परीक्षा. पोरं सकाळपासनं विचारत होती कधी कधी.

परातीत तीन घरं मांडली. एक आजच केलेलं नुसत्या ओल्या शेणाचं. दुसरं आठवडाभर वाळलेलं, पाचटवालं. तिसरं मेणाचं, हे मी घरून करून आणलं, पुठ्ठ्याच्या घराला वितळलेलं मेण ब्रशनं लावून, मेण वितळवायचं काम पोरांसमोर करायचं नाही. मग बागेची झारी घेऊन प्रत्येकानं नंबरानं पाऊस पाडला.

ओलं शेण गेलं. तिसऱ्या-चौथ्या पोरापर्यंत त्याचा चिखल झाला आणि "वाहून गेलं, वाहून गेलं" असा जल्लोष. मेणाचं घर जसंच्या तसं, पाणी घरंगळून खाली. पण सगळ्यांच्या नजरा मधल्या घराकडं. त्याचे कोपरे झिजले, छपराचं थोडं पाणी पिऊन काळं झालं, पण घर उभं. झारी संपली तरी उभं. पोरांना हे अजिबात अपेक्षित नव्हतं, खरं तर वर्गातल्या निम्म्या जणांना राग आला, कारण गोष्टीप्रमाणं ते पडायला हवं होतं.

लाल बूटवाला बराच वेळ परातीत वाकून बघत होता. मग म्हणाला, "त्येनं वाळू दिलं नसणार." कोणी? "कावळ्यानं. घाई केली." दुसरी म्हणाली, पाचट घातलं नसणार. तिसरा म्हणाला त्याला कुणी सांगितलंच नसणार, आज्जी नव्हती त्याला. आणि मग पिवळ्या रेनकोटनं वेगळाच मुद्दा काढला, मेणाचं घर उन्हाळ्यात वितळणार, सांगलीच्या उन्हात तर नक्कीच, मग चिमणीला कावळ्याच्या घरी जावं लागेल, तेव्हा कावळ्यानं पण आतनं म्हणायचं, थांब, माझ्या बाळाला पावडर लावू दे.

हसून हसून मावशींच्या डोळ्यात पाणी. मी हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवलंय.

११ जुलै, शुक्रवार

रंग. पोस्टर कलर संपलेत आणि आणायचे पैसे पुढच्या महिन्यात, पण सांगलीत बसून पिवळ्या रंगाची चणचण म्हणजे कमालच की. आमच्या हरिपूरला हळद ठेवायची जमिनीखालची पेवं होती, पोरांच्या आज्या-आजोबांनी त्यात उतरलेली माणसं बघितलीत. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे त्या त्या भागाच्या खास मालाला मिळणारं सरकारी मानांकन मिळालं, हे पोरांना सांगून उपयोग नाही, त्यांना वास पुरेसा आहे.

दोन चमचे हळद, पाव कप पाणी, आणि चिकटपणासाठी चिंचोक्याची खळ. खळ मावशींनी करून आणली : चिंचोके भाजायचे, वरचं टरफल काढायचं, आतला पांढरा भाग दळायचा, ते पीठ पाण्यात शिजवून दाट करायचं. डिंकासारखी चिकटते आणि पोटात गेली तरी काही होत नाही. पुस्तकं बांधणारे खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, ते विष आहे, पोरांच्या कामात कधीच नाही.

पिवळ्याचा लाल कसा होतो ते जादू म्हणून दाखवलं. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा, लगेच तांबूस लाल. वरनं लिंबू पिळलं की फसफसून परत पिवळं. चुन्यानं लाल जास्त गडद येतो, कुंकू तसंच करायचे पूर्वी, पण चुना हाताला आणि डोळ्याला वाईट, तो मी लांब टेबलावर एका वाटीत करून दाखवला, पोरांना फक्त सोडा. लिंबू-सोड्याचा खेळ इतका रंगला की पक्षी राहिले बाजूला, अर्धा तास नुसतं लाल-पिवळं-लाल.

मग त्या पिवळ्यात सुगरण पक्षी. पावसाळ्यात सुगरणीच्या नराचं डोकं असं हळदीसारखं पिवळं होतं, तोंडावर गडद मुखवटा. घरटं नर विणतो. गवताच्या, उसाच्या पानाच्या लांब चिरफाळ्या काढून, चोचीनं गाठी मारून, विहिरीवर वाकलेल्या बाभळीला नाहीतर शिंदीला टांगतो. अर्धं झालं की मादी येऊन बघून जाते, पसंत पडलं तर पुढचं बांधकाम, नाहीतर दुसरं घरटं. एकाच्या मामाच्या विहिरीवरचं गळून पडलेलं रिकामं जुनं घरटं आणलं होतं, ते हातोहात फिरलं. आत बघा म्हटलं, ओल्या मातीचे वाळलेले गोळे चिकटवलेले आहेत. पोरांनी लगेच, "ह्येच्या पण घरात माती हाय!" झाडावरची, वापरातली घरटी काढायची नाहीत हे वेगळं सांगितलं, मामालाही निरोप पाठवला.

आम्ही विणायला घेतलं उसाच्या पानानं. कडा कापते ती, म्हणून मक्याच्या कणसाच्या भिजवलेल्या साली घेतल्या, त्या मऊ असतात. चार-पाच वर्षांच्या बोटांना गाठ येत नाही. गुंडाळणं येतं, खुपसणं येतं. तेवढ्यावर जे झालं ते झालं, बुरख्यासारखं काहीतरी लोंबणारं, पण अर्धी घरटी सुगरणीचीही तशीच दिसतात.

सोड्याचा लाल उरला होता. त्याचा कोकिळाचा डोळा केला. नर कोकीळ काळा कुळकुळीत, डोळा लालभडक, तो सगळ्यांना येतो. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची, ती बघून कुणी कोकिळा म्हणत नाही. तिचं घरटं कुठंय, असं विचारल्यावर मी सांगितलं, नाही. ती कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते आणि कावळा-कावळी ते पिल्लू स्वतःचं समजून वाढवतात. वर्गात एकदम शांत. मग निळी छत्री, "म्हणजे कावळ्यानं दार उघडलं." मी म्हटलं, अगं त्याला माहीत नसतं ते पिल्लू कुणाचं. ती म्हणाली, "पण उघडलं न्हवं."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. पक्ष्यांचं खरं जसं आहे तसं सांगायचं, कावळा फसतो हेही सांगायचं, आणि पोरं त्यातनं काय घेतात ते घेऊ द्यायचं, असं मला वाटतं. फसवलं-बिसवलं हे शब्द मी वापरले नाहीत, कोकिळेलाही उगाच चोर ठरवायला नको.

१५ जुलै, मंगळवार

कावळ्याचं घर परत बांधायचा दिवस. खरा कावळा शेणाचं बांधतच नाही, झाडाच्या बेचक्यात काटक्या रचतो, वायरीचे तुकडे, खराट्याच्या काड्या, हँगरसुद्धा घालतो, आणि आत मऊ अस्तर, केस, चिंध्या, काथ्या. आमच्या अंगणातल्या चिंचेवर आहे एक, खालनं वायर चमकलेली दिसते. म्हणजे गोष्टीतल्यापेक्षा खरा कावळा बरा गवंडी आहे.

सामान पोरांनीच आणलं. काटक्या, सुतळी, खराट्याच्या काड्या, द्राक्षबागेतली पक्षी उडवायची चमकती पट्टी (तासगावला ज्यांचे आजोबा आहेत त्यांनी), फुटलेल्या बांगड्या परत केल्या, टोकं लागतात. आणि एक अनपेक्षित गोष्ट आली, वर्गातल्या एकीचे आजोबा मिरजेला तंबोऱ्याच्या कामाला जातात, त्यांनी भोपळा कापताना उरलेले तुकडे पिशवीभर दिले. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतात, वाळून लाकडासारखे होतात, आतनं खरखरीत, बाहेरनं गुळगुळीत. तुकडे वाटीसारखे वळलेले असतात. पोरांनी बघितल्या बघितल्या ठरवून टाकलं, ही घरट्याची बूड. त्यावर काटक्या रचल्या, खळीनं काही चिकटेना, मग फेविकॉल काढला. खळीचं कौतुक कागदापुरतं, लाकडाला फेविकॉलच.

एकत्र एकच मोठं घरटं. मी आणि मावशी फक्त काटक्या मोडून द्यायला. कुठं काय घालायचं यावरनं भांडणं झाली, चमकती पट्टी बाहेर की आत यावरनं तर मतदान झालं, आत जिंकली, कारण पिल्लांना खेळायला. मधे बसवायला प्रत्येकानं आपापला पक्षी आणला : मातीच्या चिमण्या, पंखवाला बैल, एक कोकिळेचं पिल्लू म्हणून काळा केलेला चिंचोका.

१८ जुलै, शुक्रवार

पालक आले. भिंतीवर मेणाच्या घरांचे निळे कागद, खाली कोळशाचे कावळे, छताला मक्याच्या सालींची घरटी, मधे टेबलावर मोठं घरटं. झेरॉक्स नाही म्हणून तक्रार केलेल्या आई आपल्या मुलीचा कावळा शोधत होत्या आणि त्यांना तो पहिल्या फटक्यात सापडला, मानेवर चार बोटांचे ठसे असलेला. त्या काही बोलल्या नाहीत, फोटो मात्र बरेच काढले.

गोष्ट पोरांनी सांगितली, सगळ्यांनी मिळून, एकमेकांचं वाक्य तोडत. त्यांचा शेवट ठरलेला नव्हता, मी ठरवू दिला नव्हता. झालं असं की दोन शेवट सांगितले गेले. एका गटाच्या शेवटात चिमणी दार उघडते, कावळा राहतो, ऊन पडल्यावर चिमणी, दाढीवाला चिमणा, कावळा आणि आज्जी (हो, आज्जी, ती आता गोष्टीत कायमची शिरलीय) मिळून शेण-माती-पाचट कालवतात आणि वाळू देतात. दुसऱ्या गटात पिवळा रेनकोट असल्यामुळं उन्हाळा येतो, मेण वितळतं आणि चिमणी कावळ्याच्या दारात बराच वेळ उभी. आतनं पावडर चालूच. शेवटी उघडतो तो, पण पुरती पावडर लावून झाल्यावर. पहिल्या गटानं हा अन्याय आहे म्हणून ओरडा केला. तव्यावाला शेवट कुणीच सांगितला नाही, एका आजोबांनी मागनं आठवण करून दिली तर पोरांनी त्यांना गप्प बसवलं.

२२ जुलै, मंगळवार

आवराआवर आणि पुढच्या वर्षासाठी चार गोष्टी.

हळदीचे सुगरण खिडकीशेजारी लावले होते, इतक्यातच फिके पडायला लागलेत. हळदीचा रंग उजेडाला टिकत नाही, आतल्या भिंतीला लावायचे. पोरांचं म्हणणं वेगळं, सुगरणीचा नर पावसाळा संपला की परत तपकिरी होतो ना बाई, मग हा पण झाला. ते खरंच आहे, विणीचा हंगाम गेला की त्याचा पिवळा जातो. त्यामुळं बदलायला नको असं ठरलं.

नीळ एक छोटी बाटली पुरली, निम्मी उरली. मेणबत्त्या गणपतीनंतर घराघरातनं मागवायच्या, विकत घ्यायची गरज नाही. कोळसा सांगून ठेवावा लागतो, इस्त्रीवाले आता लाइटवर गेलेत. उरलेलं शेण झेंडूच्या वाफ्यात. भोपळ्याचे तुकडे बरेच आहेत, आजोबा म्हणतात अजून देतो, पोरांना त्याचं वाद्य करायचंय.

वाळलेलं पाचटवालं घर मात्र कुणी टाकू देईना. व्हरांड्याच्या कट्ट्यावर उघड्यावर ठेवलंय, खऱ्या पावसात. लाल बूटवाला रोज आल्याबरोबर बोटानं दाबून बघतो आणि वहीत टिक करायला लावतो, आज पण हाय.